एक प्रोग्रॅम, अनेक संगणक

एकदां लिहिलेला प्रोग्रॅम कोणत्याहि संगणकावर चालतो, असें पायथनसारख्या भाषांविषयीं नेहमीं सांगण्यांत येतें. बेरजेच्या किंवा शब्द मोजण्याच्या साध्या प्रोग्रॅमपुरतें हें विधान खरें आहे. विद्यार्थ्यानें घरच्या विंडोज संगणकावर लिहिलेलें असें काम लिनक्स संगणकावर नेलें, तरी उत्तर तेंच येतें. परंतु ज्या प्रोग्रॅमला बाहेरच्या जगाची वाट पाहावी लागते, ज्याला दूरच्या संगणकाकडून निरोप यावयाचा असतो, किंवा दुसऱ्या प्रोग्रॅमचें काम संपेपर्यंत थांबावयाचें असतें, त्याच्या बाबतींत हें विधान जसेंच्या तसें स्वीकारतां येत नाहीं. येथें खालची ऑपरेटिंग सिस्टीम मध्यें येते, आणि एका ठिकाणीं बिनबोभाट चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्या ठिकाणीं आरंभींच अडून बसतो. असें कां होतें, आणि तें होऊं नये म्हणून लिहिणारानें कोणती काळजी घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. पायथनची तोंडओळख असलेल्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस तो समजण्यास कठिण जाऊं नये.

वाट पाहण्याची रीत

संगणकाचें पुष्कळसें आयुष्य वाट पाहण्यांत जातें. एखादें लहान गणित करण्यास त्याला जेवढा वेळ लागतो, त्याच्या हजारों पट वेळ दूरच्या संगणकाचें उत्तर येण्यास लागतो. तेवढा वेळ स्वस्थ बसून राहणें हा शुद्ध अपव्यय होय. चुलीवर डाळ शिजत ठेवून घरची बाई तिच्याकडे पाहात बसत नाहीं. तेवढ्यांत ती कणीक भिजविते, भाजी चिरते, आणि दूध वर येऊं लागलें कीं हातांतलें काम ठेवून तिकडे वळते. हात दोनच, पण कामें चार चाललेलीं असतात. असिंक्रोनस प्रोग्रॅमिंग म्हणून ज्यास म्हणतात, तें याहून निराळें नाहीं. प्रत्येक जोडणीमागें एक स्वतंत्र थ्रेड, म्हणजे एक स्वतंत्र कामकरी, बसविणें हाहि एक उपाय आहे. पण जोडण्या हजारोंनीं वाढल्या म्हणजे कामकऱ्यांचाच बोजा होऊन बसतो. त्यापेक्षां एकाच कामकऱ्यानें अनेक कामांवर नजर ठेवावी, हें अधिक सोयीचें ठरतें.

ही नजर ठेवण्याचें काम इव्हेंट लूप करतो. ‘आतां कोणाचें काम पुढें जाऊं शकतें ?’ हा एकच प्रश्न तो पुनःपुन्हां विचारतो. ज्याचें काम पुढें जाण्याजोगें असेल त्याला चालवितो. तें पुन्हां वाट पाहूं लागलें कीं दुसऱ्याकडे वळतो. आणि कोणाचेंच काम पुढें जाण्यासारखें नसेल तर स्वतः झोपतो. परंतु एक गोष्ट येथें ध्यानांत ठेवावी. दूरचा निरोप आला कीं नाहीं, हें इव्हेंट लूपला स्वतःला कळत नाहीं. तें त्याला ऑपरेटिंग सिस्टीम सांगते. आणि सांगण्याची रीत प्रत्येक सिस्टीमची वेगळी आहे. सर्व अडचणीचें मूळ येथें आहे.

निरनिराळ्या सिस्टीम्सच्या रीती

१९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ४.२ बी. एस. डी. या युनिक्सच्या आवृत्तींत ‘सिलेक्ट’ नांवाची क्रिया आली. प्रोग्रॅमनें आपल्या सर्व जोडण्यांची यादी सिस्टीमच्या हातीं द्यावी, आणि त्यांपैकीं तयार कोणत्या तें सिस्टीमनें सांगावें, अशी तिची रीत. रीत सोपी खरी. पण दर खेपेस सगळी यादी द्यावयाची आणि सगळी तपासावयाची. शिवाय यादीला मर्यादा. ती लिनक्सवर सामान्यतः १०२४ असते, व विंडोजवर पायथननें ती ५१२ ठेविली आहे. एकाच संगणकानें एका वेळीं दहा हजार ग्राहकांस सेवा कशी द्यावी, हा प्रश्न डॅन केगेल यांनीं १९९९ सालीं लेखरूपानें मांडला. आणि या जुन्या रीतीचें अपुरेपण सर्वांच्या नजरेंत आलें.

या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक घरानें आपापल्या परीनें दिलें. फ्री बी. एस. डी.मध्यें २००० सालीं ‘के-क्यू’ ही रचना आली, आणि तीच पुढें मॅक संगणकांतहि आली. लिनक्समध्यें २००२ सालीं ‘ई-पोल’ आला. या दोहोंत जोडणीचें नांव एकदांच नोंदवावयाचें असतें. पुढें सिस्टीम सबंध यादी परत न करितां केवळ तयार झालेल्या जोडण्यांचीं नांवें सांगते. मायक्रोसॉफ्टनें तर या सर्वांच्या आधींच, १९९४ सालच्या विंडोज एन. टी. ३.५ मध्यें, ‘आय. ओ. कम्प्लीशन पोर्ट’ नांवाची अगदीं निराळ्या विचाराची रचना आणिली होती. ‘सिलेक्ट’, ‘ई-पोल’ व ‘के-क्यू’ हीं एका कुळांतलीं भावंडें. कम्प्लीशन पोर्टचें कुळच वेगळें.

नळ आणि घागर

या दोन कुळांतील भेद समजण्यास चाळींतील सार्वजनिक नळाचें उदाहरण घेऊं. नळाला पाणी केव्हां येईल याचा नेम नाहीं. म्हणून एका मुलाला तेथें बसविलें आहे. पहिली रीत अशी कीं, मुलानें ‘पाणी आलें हो !’ अशी हाक मारावी, आणि ती ऐकून आपण घागर घेऊन जावें व स्वतः भरावी. दुसरी रीत अशी कीं, घागर आधींच मुलाच्या स्वाधीन करावी. पाणी आल्यावर त्यानेंच ती भरावी आणि मग ‘घागर भरली!’ म्हणून हाक मारावी. पहिल्या रीतींत निरोप तयारीचा असतो. दुसरींत तो पूर्तीचा असतो. लिनक्स व मॅक यांवरील इव्हेंट लूप पहिल्या हाकेवर उठतो, तर विंडोजच्या कम्प्लीशन पोर्टवर बसलेला इव्हेंट लूप दुसऱ्या. पायथनमध्यें पहिल्यास सिलेक्टर व दुसऱ्यास प्रोॲक्टर असें नांव आहे.

वरवर पाहतां हा भेद क्षुल्लक वाटेल. हाक आधीं काय नि मागाहून काय, पाणी घरांत आल्याशीं कारण, असें कोणी म्हणेल. पण त्यांतून तीन परिणाम निघतात, ते लक्ष देऊन पाहण्यासारखे आहेत.

पहिला परिणाम भांड्याचा. पूर्तीच्या रीतींत घागर आधींच नळावर नेऊन ठेवावी लागते, आणि पाणी येईपर्यंत ती तेथेंच अडकून पडते. संगणकाच्या भाषेंत घागर म्हणजे स्मरणशक्तीचा तो तुकडा, ज्यांत आलेला निरोप उतरवून घ्यावयाचा असतो. दहा हजार जोडण्या मुकाट बसल्या असतील, तरी दहा हजार घागरी गुंतून पडण्याचा संभव असतो. तयारीच्या रीतींत हाक आल्यावरच भांडें काढावयाचें, म्हणून ही अडचण नाहीं.

दुसरा परिणाम बेत बदलण्याचा. पहिल्या रीतींत पाणी नको झालें तर हाकेकडे दुर्लक्ष केलें कीं संपलें. दुसऱ्या रीतींत मुलास ‘थांब’ म्हणून निरोप धाडावा लागतो, आणि घागर परत मिळेपर्यंत तिला हात लावतां येत नाहीं. कारण आपला निरोप पोंचण्याच्या क्षणींच तो ती भरीत असेल. अशा वेळीं तीच घागर उचलून दुसऱ्या कामाला लाविली, तर त्या कामांत भलतेंच पाणी मिसळावयाचें. प्रोग्रॅममध्यें याचा परिणाम म्हणजे माहिती बिघडणें, किंवा प्रोग्रॅमच कोसळणें.

तिसरा परिणाम सर्वांत महत्त्वाचा. तयारीच्या हाकेवरून पूर्तीची हाक सहज रचतां येते. घरांत एक गडी ठेवावा; त्यानें ‘पाणी आलें’ ही हाक ऐकून जावें, घागर भरून आणावी, व यजमानास ‘घागर भरली’ असें सांगावें. यजमानास दोन रीतींतील भेद कळणारहि नाहीं. उलट प्रकार मात्र तितका सहज साधत नाहीं. ‘घागर भरली’ एवढेंच ओरडणाऱ्या मुलाकडून, घागर न देतां, ‘पाणी आलें कीं नाहीं’ हें काढून घेणें मोठें अवघड.

यावरून एक नियम निघतो, आणि तोच या लेखाचें सार होय. ज्या प्रोग्रॅमनें सर्व सिस्टीम्सवर चालावें अशी इच्छा असेल, त्यानें ‘पाणी आलें काय ?’ असें विचारूं नये. ‘घागर भरून द्या’ एवढेंच मागावें. दुसरी मागणी दोन्ही कुळें पुरवूं शकतात. पहिली एकाच कुळाच्या खाजगी संवयीवर विसंबलेली असते.

तडजोडीची बांधणी

जाणत्या लोकांनीं आपल्या रचना याच तत्त्वावर बांधिल्या आहेत. रायन डाल यांनीं २००९ सालीं नोड जे. एस. प्रसिद्ध केलें, तेव्हां त्याचा पाया युनिक्सच्या कुळाचा होता. पुढें तें विंडोजवर नेण्यासाठीं २०११ सालीं ‘लिब-यू-व्ही’ हा पाया रचण्यांत आला. तो लिनक्सवर ‘ई-पोल’ची हाक ऐकून स्वतःच निरोप वाचतो, व विंडोजवर कम्प्लीशन पोर्टला काम सोंपवितो, वरच्या प्रोग्रॅमला मात्र दोन्हीकडे ‘वाचून झालें’ असाच निरोप मिळतो. वर ज्या गड्याचें वर्णन केलें, तो हाच.

पायथनमध्यें गीडो व्हान रॉस्सम यांनीं डिसेंबर २०१२ मध्यें अशा समाईक रचनेचा प्रस्ताव मांडिला, आणि मार्च २०१४ मध्यें आलेल्या ३.४ आवृत्तींत ती ‘असिंकआयओ’ या नांवानें दाखल झाली. हिचे दोन मजले आहेत. वरच्या मजल्यावर जोडणी करणें, वाचणें, लिहिणें, ठराविक वेळ थांबणें अशा क्रिया आहेत. त्या सर्वत्र सारख्या आहेत. खालच्या मजल्यावर ‘ॲड-रीडर’सारख्या क्रिया आहेत, त्यांचा अर्थ ‘या जोडणीवर पाणी आलें कीं मला हाक मारा’ असा होतो. त्या प्रोॲक्टरवर चालत नाहींत, आणि पायथनच्या अधिकृत माहितीपत्रकांत तसें स्पष्ट लिहून ठेविलें आहे.

एका बदलाचा इतिहास

विंडोजवर पायथनचा नेहमींचा लूप आरंभीं सिलेक्टर हाच असे. त्यांत दोन उणिवा होत्या. एक, ५१२ जोडण्यांची मर्यादा. दुसरी, त्यावरून दुसरा प्रोग्रॅम सुरू करून त्याच्याशीं देवघेव करतां येत नसे, कारण विंडोजवरील ‘सिलेक्ट’ला सॉकेटखेरीज दुसरें कांहीं समजत नाहीं. म्हणून ऑक्टोबर २०१९ मध्यें आलेल्या ३.८ आवृत्तीपासून विंडोजवर प्रोॲक्टर हाच नेहमींचा लूप करण्यांत आला. बदल योग्य कारणासाठीं झाला होता. त्याचे फायदेहि खरे होते.

परंतु टॉर्नेडो नांवाची एक प्रसिद्ध रचना ‘पाणी आलें काय ?’ हाच प्रश्न विचारणारी होती, आणि ज्युपिटर नोटबुक या रचनेवर उभें आहे. परिणाम असा झाला कीं, विंडोजवर नवें पायथन घेणाराची नोटबुक उघडेचना. ‘नॉट इम्प्लिमेंटेड’ म्हणजे ‘ही सोय येथें नाहीं’ असा दोष पुढें येऊं लागला. ज्युपिटरचा उपयोग शिकणारे लोक मोठ्या प्रमाणावर करतात, हें येथें विसरूं नये. लिनक्सवर काम करणाऱ्या कसलेल्या माणसास या बदलाची झळहि लागली नाहीं. ज्यानें कालच पायथन शिकावयास घेतलें, त्याच्यापुढें मात्र पहिल्याच दिवशीं दहावीस ओळींचा अगम्य मजकूर उभा राहिला. आणि अशा वेळीं नवशिक्यास वाटतें कीं, चूक आपलीच असली पाहिजे. सिस्टीम्समधील भेद हा केवळ तज्ज्ञांचा विषय नव्हे, तो असा कोणाच्या तरी शिकण्याच्या आड येतो.

यावर एका ओळीचा उपाय लगेच हातोहात पसरला : प्रोग्रॅमच्या आरंभीं विंडोजचें ‘सिलेक्टर धोरण’ निवडावें, म्हणजे जुना लूप परत येतो. तात्पुरता म्हणून तो ठीक होता. पण पुष्कळांनीं ती ओळ अर्थ न कळतां उतरवून घेतली. त्या ओळीबरोबर ५१२ ची मर्यादा परत येते, आणि दुसरा प्रोग्रॅम चालविण्याची सोय जाते. म्हणजे एक दोष झांकला जाऊन दुसरा उघडा पडतो. शिवाय असें धोरण निवडण्याची पद्धतच पायथनच्या ३.१४ या २०२५ सालच्या आवृत्तींत त्याज्य ठरविण्यांत आली असून ३.१६ मध्यें ती काढून टाकण्याचें जाहीर झालें आहे. खरा उपाय टॉर्नेडोच्या कर्त्यांनीं २०२० सालीं ६.१ आवृत्तींत केला. मुख्य लूप प्रोॲक्टरच राहूं द्यावा, आणि ‘सिलेक्ट’ची हाक ऐकण्यापुरता एक निराळा थ्रेड बाजूस बसवावा, अशी ती योजना. त्यामुळें वापरणारास कांहींच करावें लागेनासें झालें.

आणखी कांहीं भेद

जोडण्यांशिवाय इतर बाबींतहि सिस्टीम्स एकमेकींपासून वेगळ्या पडतात. युनिक्सच्या कुळांत प्रोग्रॅमला ‘आतां आवरतें घे’ असा संकेत बाहेरून धाडतां येतो व इव्हेंट लूपला तो ऐकावयास सांगतां येतें. विंडोजवर लूपची ही क्रिया नाहीं. विंडोजच्या नेहमींच्या घड्याळाचा एक टोला साधारण १५.६ मिलिसेकंदांचा असतो. म्हणून तेथें एक मिलिसेकंद थांबावयास सांगितलेला प्रोग्रॅम त्याहून पुष्कळ अधिक थांबूं शकतो. डिस्कवरील साध्या फाइलची गोष्ट आणखी वेगळी : लिनक्सचा ‘ई-पोल’ तिची नोंदच घेत नाहीं. यासाठीं लिब-यू-व्ही फाइलींचें काम थोड्या थ्रेडांच्या एका गटाकडे सोंपवितो. त्या गटांत नेमणुकीप्रमाणें चार थ्रेड असतात.

लिहिणारानें पाळावयाचे नियम

आतां या सर्व विवेचनांतून व्यवहारांत उपयोगी पडतील असे नियम सांगतों.

१. शक्य तोंवर वरच्याच मजल्यावर राहावें. ‘असिंकआयओ-रन’नें प्रोग्रॅम सुरू करावा, आणि वाचण्यालिहिण्यासाठीं ‘स्ट्रीम’च्या क्रिया वापराव्या. खालच्या मजल्यावर उतरण्याचें कारण स्वतःस सांगतां येत नसेल, तर उतरूं नये.

२. सिस्टीमचें नांव विचारण्यापेक्षां सोय आहे कीं नाहीं हें विचारावें. संकेत ऐकण्याची क्रिया करून पाहावी; ‘ही सोय येथें नाहीं’ असें उत्तर आलें तर दुसरा मार्ग आधींच तयार ठेवावा. ‘विंडोज असेल तर’ अशा अटी प्रोग्रॅमभर विखुरल्या म्हणजे पुढें तो कोणाच्यानेंच दुरुस्त होत नाहीं.

३. लूप निवडण्याची खरोखरच गरज पडली, तर ती निवड मुख्य प्रोग्रॅमच्या आरंभीं, एकाच ठिकाणीं करावी. इतरांनीं वापरावयाच्या लायब्ररीनें ती कदापि करूं नये. कारण लूप हा साऱ्या घराचा असतो, एका खोलीचा नव्हे. पायथन ३.१२ पासून ‘असिंकआयओ-रन’लाच हवा तो लूप बनविणारी क्रिया देतां येते; तो मार्ग पत्करावा.

४. वेगासाठीं घेतलेल्या वस्तूला पायाची जागा देऊं नये. ‘यू-व्ही-लूप’ हा लिब-यू-व्हीवर रचलेला वेगवान लूप २०१६ सालीं युरी सेलिव्हानोव्ह यांनीं प्रसिद्ध केला. परंतु तो विंडोजवर चालत नाहीं. तो असेल तर वापरावा, नसेल तर नेहमींच्या लूपवर काम चालावें, अशी तजवीज असावी.

५. ज्या ज्या सिस्टीमवर प्रोग्रॅम चालेल असें आपण म्हणतों, त्या प्रत्येक सिस्टीमवर तो प्रत्यक्ष चालवून पाहावा. आणि जेथें पाहिला नाहीं तेथें ‘पाहिला नाहीं’ असें प्रामाणिकपणें लिहून ठेवावें.

शेवटचा नियम पाळण्यास सर्वांत सोपा, आणि मोडला जातो तोहि सर्वांत अधिक. याचा आरंभ विद्यार्थ्यांना आजच करतां येईल. चालू लूपचें नांव छापणारा चार ओळींचा प्रोग्रॅम लिहावा. तो विंडोज संगणकावर चालवावा, नंतर लिनक्सवर चालवावा, आणि दोन उत्तरें वहींत शेजारींशेजारीं मांडावीं. एकीकडे प्रोॲक्टर व दुसरीकडे सिलेक्टर अशीं नांवें दिसतील. मग त्याच प्रोग्रॅममध्यें एक मिलिसेकंद थांबण्याची आज्ञा घालून खरोखर किती वेळ गेला तें मोजावें, आणि हा प्रयोग दहा वेळां करावा.

लिनक्सवरहि आतां पूर्तीची रीत येत आहे. मे २०१९ मध्यें लिनक्सच्या ५.१ आवृत्तींत ‘आय-ओ-यूरिंग’ नांवाची रचना आली. तिच्यांत काम आधीं सोंपवावयाचें व ‘झालें’ हा निरोप मागाहून घ्यावयाचा, अशी रीत आहे. यावरून दोन्ही कुळें कांहीं अंशीं जवळ येत आहेत असें दिसतें. तरी पायथनचा नेहमींचा लूप लिनक्सवर ‘ई-पोल’चाच आधार घेतो, आणि मधल्या काळांत लिहिलेले असंख्य प्रोग्रॅम जुन्या प्रश्नावरच उभे आहेत. तेव्हां हे भेद लवकर नाहींसे होतील अशी आशा धरून बसणें शहाणपणाचें नाहीं.

आपण लिहिलेला प्रोग्रॅम आपल्या हातून सुटला म्हणजे कोणाच्या घरीं, कोणत्या संगणकावर जाईल हें आपणांस ठाऊक नसतें. त्या घरचा नळ आपल्यासारखाच असेल असें धरून चालणें म्हणजे आपली सोय दुसऱ्याच्या माथीं मारणें होय. घागर भरून मागावी, आणि ती कशी भरली जाते तें त्या घरच्या रीतीवर सोडावें. एवढी काळजी ज्यानें घेतली, त्याचा प्रोग्रॅम परक्या घरींहि उपयोगी पडेल.